सायकल सोडून माणसाच्या ताकदीवर चालणारी कोणती अजब वाहनं होऊन गेली? त्यातलं काही खरंच कामाचं होतं का? (कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विचारतोय)

कामाची होती, पण थोडीच. मी रेल्वेत रुळाच्या कामावर होतो, परभणी-पूर्णा पट्ट्यात, त्यामुळे असल्या वाहनांकडे बघायची माझी नजर जरा हिशेबी आहे. धडधाकट माणूस तासन्‌तास राबला तर साधारण ७५ वॅट ताकद देतो. घरातला छताचा पंखा फिरेल एवढीच. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा आपण त्याच्या दहाव्या हिश्शाचे धनी. वाहन कितीही अजब असो, ते या ७५ वॅटचं काय करतं एवढंच मी बघतो.

सायकलीच्याही दीडशे वर्षं आधी, १६५५ च्या सुमारास, जर्मनीत न्यूरेंबर्गजवळच्या आल्टडॉर्फमध्ये श्टेफान फार्फलर नावाचा घड्याळजी होता. पाय निकामी. त्याने स्वतःसाठी तीन चाकांची गाडी बनवली. हाताने दांडा फिरवला की दातेरी चाकांमधून पुढचं चाक फिरायचं. माणूसच घड्याळजी, दातेरी चाकांशी त्याचा रोजचाच व्यवहार. आपल्याकडे एसटी स्टँडवर हाताने पॅडल मारत येणारी दिव्यांगांची तीनचाकी बघा, मांडणी मुळात तीच.

मग १२ जून १८१७ ला मानहाइममध्ये कार्ल फॉन ड्राइसने लाकडी दुचाकी काढली. तिला पॅडलच नव्हतं, पायांनी जमीन रेटत जायचं. लोक हसले, पण पुढे दुचाकीचा सगळा वंश तिथूनच वाढला. याउलट १८६३ साली अमेरिकेच्या यादवी युद्धात हनली नावाची पाणबुडी आली. आत कोंबलेले सात जण हाताने दांडा फिरवून पाणबुडीला पुढे रेटणारा पंखा चालवायचे, आठवा सुकाणूवर. १८६४ मध्ये तिने शत्रूचं जहाज बुडवलं आणि स्वतःही माणसांसकट बुडाली. चाचण्यांतले धरून तिने आपलेच २१ लोक घेतले. तिला मी वाहन म्हणणार नाही.

माझी आवडती गाडी फ्रान्सच्या शार्ल मोशेची. त्याची ‘वेलोकार’ ही आधी पॅडलवर चालणारी चारचाकी मोटार होती. पुढे त्याने तिची निम्मी करून दुचाकी केली, रेलून बसून पाय पुढे करून चालवायची. ७ जुलै १९३३ ला फ्रान्सिस फोर या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूने तिच्यावर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर काढले आणि १९१४ पासूनचा विक्रम मोडला. माणूस तोच, ताकद तीच, फक्त छाती वाऱ्याच्या तोंडी नाही. सायकलीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने काय करावं? १९३४ मध्ये ही सायकलच नव्हे असं ठरवून टाकलं. नुसता करंटेपणा! अशाच रेललेल्या, वरून कवच घातलेल्या सायकलीवर २०१६ मध्ये अमेरिकेच्या नेवाडात ताशी १४४.१७ किलोमीटरचा वेग गाठला गेला.

विमानही झालं. १२ जून १९७९ ला (ड्राइसचीच तारीख) ब्रायन ॲलनने पॅडल मारत ‘गॉसमर अल्बट्रॉस’ इंग्लंडहून फ्रान्सला नेलं, ३५.८ किलोमीटर, २ तास ४९ मिनिटं. पाणी घेतलं होतं दोन तासांपुरतं. वाऱ्यापुढे हात टेकून त्याने ओढून न्यायची खूण केली, बोटीला खालून येता यावं म्हणून जरा वर चढला, तर वर वारा शांत. मग तसाच पुढे गेला. अफाट माणूस, पण त्या विमानाने कुणी बाजाराला जाणार नाही.

आता आमची रूळ तपासायची ढकलट्रॉली. लाकडी फळ्यांचा पाट, खाली चार लोखंडी चाकं, हाताचा ब्रेक, दिवसा लाल झेंडी, उन्हासाठी छत्री. साहेब बाकावर बसून रूळ, फिशप्लेटा (दोन रूळ जोडणाऱ्या पट्ट्या), खडी बघत जाणार. मागे दोन ट्रॉलीमन प्रत्येकी एका रुळावरून पळत ढकलणार, तेही बरेचदा अनवाणी, पाऊल नेमकं रुळाच्या माथ्यावर. गती आली की दोघं उडी मारून मागे बसायचे. ती ओसरायला लागली की पुन्हा उतरायचे. लोखंडावर लोखंड घरंगळतं, घर्षण नावालाच, म्हणून दोन माणसं एवढा भार सहज नेतात. मजा उतारावर. चढावर मात्र दम निघतो, आणि मे महिन्यात रूळ असा तापतो की चप्पल काढायची हिंमत होत नाही. गाडी येतेय कळलं की सगळ्यांनी मिळून ट्रॉली उचलून रुळाबाहेर ठेवायची. ट्रॅक सर्किटच्या भागात (जिथे रुळांतून वीज सोडून गाडी आहे का ते कळतं) चाकं विजेपुरती एकमेकांपासून तोडलेली लागतात, नाहीतर सिग्नलला वाटतं गाडीच उभी आहे. नव्वदच्या दशकात आमच्याकडे मीटरगेजचं ब्रॉडगेज झालं, ट्रॉली रुंद झाली, ढकलणं तेच.

प्रोजेक्टचं म्हणाल तर मोशेसारखी रेलून चालवायची सायकल करू नका. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला ती दिसणारच नाही. त्यापेक्षा दिव्यांगांची तीनचाकी घ्या. तिला बहुतेक वेळा एकच गिअर असतो, उड्डाणपुलाच्या चढावर मागून कुणीतरी ढकलावं लागतं. भंगारातल्या गिअरच्या सायकलीचा मागचा दातेरी संच आणि चेन बदलणारा खटका तिला बसतो का बघा. चढासाठी हलका गिअर मिळाला की निम्मं काम झालं. उतारावर हात पॅडलवरून न काढता दाबता येईल असा ब्रेक मात्र आधी बसवा.