पंधरा वर्षं नोकरी झाली, आता पीईला बसू का?

ताई, पत्र वाचलं. वय 42, अमेरिकेत ड्रेनेज डिझाइनमध्ये 15 वर्षं, बी.ई. भारतातलं, एम.एस. तिकडचं, काम सगळं तुमचं पण ड्रॉइंगवर सही-शिक्का दुसऱ्याचा. आता बॉस म्हणतोय पीई (प्रोफेशनल इंजिनियर, म्हणजे स्वतः सही-शिक्का मारायचा हक्क देणारं) लायसन्स नसेल तर प्रमोशन विसरा. आणि तुम्ही विचारताय की एफई (पीईच्या आधीची, इंजिनियरिंगच्या मूलभूत विषयांची परीक्षा) पण राहिलीये, गणित विसरलेय, दोन मुलं आहेत, क्लास कुठला लावू.

क्लासचं नंतर बघू, आधी कागदपत्रं. लायसन्स राज्याचं बोर्ड देतं, परीक्षा एनसीईईएस ही राज्यांच्या बोर्डांची देशपातळीवरची संस्था घेते, आणि प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, त्यामुळे मैत्रिणीचं दुसऱ्या राज्यात कसं झालं ते ऐकून काही ठरवू नका, स्वतःच्या बोर्डाची साइट उघडा. एम.एस. तिकडचं असलं तरी बऱ्याच ठिकाणी भारतातल्या बी.ई.चं इव्हॅल्युएशन (ती तिकडच्या डिग्रीच्या तोडीची आहे का याची तपासणी) मागतात, म्हणजे आपल्या युनिव्हर्सिटीकडून ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे कोणालातरी खिडकीवर चकरा मारायला लावणं आलं! ते आजच सुरू करा. अनुभव साधारण 4 वर्षांचा लागतो, तुमच्याकडे भरपूर आहे, पण तो लिहून देणारे पीई लागतात, तेव्हा जुने बॉस रिटायर होऊन गायब व्हायच्या आत त्यांना फोन करा.

आता अभ्यास. तुम्हाला भीती वयाची वाटतेय, मला वेगळीच वाटते. इतकी वर्षं तुम्ही एकाच प्रकारचं काम केलंय आणि आकडेमोड सॉफ्टवेअरने केलीये. 10 एकरची साइट, सी (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा वाटा) 0.6, पाऊस तासाला 3 इंच, फ्लो किती? सरळ गुणाकार, 18 सीएफएस (सेकंदाला घनफूट), युनिट बदलायची गरजच नाही. पण हातात पेन घेऊन करायला गेलं की अनुभवी माणूस आधी एकराचे स्क्वेअर फूट करत बसतो, आणि वर "आमच्या काउंटीत असं करत नाहीत" म्हणून स्वतःच्या डोक्याने सी बदलतो. परीक्षेला तुमची काउंटी माहीत नाही हो, त्यांना त्यांच्या सूत्रांच्या हँडबुकमधलं उत्तर हवंय.

ते हँडबुक परीक्षेत स्क्रीनवर पीडीएफ म्हणून मिळतं, स्वतःची पुस्तकं नेता येत नाहीत. एनसीईईएसच्या साइटवर तेच फुकट आहे, ते उतरवून घ्या आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येक गणित तेच उघडून सोडवा, कागदावर प्रिंट काढून नाही, स्क्रीनवर सर्च मारून. कुठला शब्द टाकला की नेमकं पान लागतं हे हाताला कळलं पाहिजे, कारण एफईला 110 प्रश्न आणि 5 तास 20 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 3 मिनिटं पण नाहीत. पीई सिव्हिलला 80 प्रश्न 8 तासांत, तिथे जरा श्वास घेता येतो. चुकलं तर मार्क कापत नाहीत, एकही प्रश्न कोरा सोडू नका. कॅल्क्युलेटर त्यांच्या यादीतलाच लागतो, तो आत्ताच घ्या आणि रोज तोच वापरा.

एफई आधी उरका, स्टॅटिक्स, फ्लुइड्स, थोडं कॅल्क्युलस, त्यात गणित आपोआप परत येतं, वेगळं घोकत बसू नका. मग गॅप न घेता लगेच पीई सिव्हिल, त्यात वॉटर रिसोर्सेस हा विषय घेऊन. एप्रिल 2024 पासून पीई सिव्हिलचा ढाचा बदललाय, त्यामुळे ऑफिसात कोणी प्रेमाने जुनी पुस्तकं दिली तर आधी नवा सिलॅबस शेजारी ठेवून ताडून बघा.

क्लास लावा, पण टाइमटेबल पाळलं जावं एवढ्यासाठीच. रेकॉर्डेड लेक्चर बघून अभ्यास झाल्यासारखं वाटतं, होत काही नाही. रोज तासभर गणितं आणि शनिवारी सकाळ पूर्ण तुमची, मुलं त्यांच्या बाबांकडे, हे घरात आधीच बोलून घ्या.

शेवटी विचारलंय की ऑफिसात सांगू का, नापास झाले तर लाज जाईल. सांगा. निकाल फक्त पास किंवा फेल असा येतो, फेल झालात तर कुठल्या विषयात कमी पडलात त्याचा रिपोर्ट मिळतो आणि पुढच्या तिमाहीत परत बसता येतं. शिवाय बऱ्याच कंपन्या फी आणि क्लासचे पैसे देतात, न सांगता बसलात तर ते कोणाकडे मागणार?