आश्रमशाळेतल्या कातकरी-ठाकर मुलांना विद्यापीठात आणायचं आहे, तयारी कशी करावी?

नववी-दहावीची चाळीस मुलं, तीन दिवसांचं शिबिर आणि दापोलीचं कृषी विद्यापीठ, असं तुम्ही लिहिलंय. मग आधी तारीख बघा. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर निघतात आणि काही मुलंही त्यांच्यासोबत जातात. म्हणून गणपती ते दिवाळी हा काळ धरा. हळव्या भाताची कापणी कधी लागते ते मात्र शाळेला विचारून घ्या. परवानगी पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची लागेल. मुली असतील तर अधीक्षिका सोबत हवीच.

भाषणं शक्य तितकी छाटा. मुलांना काजूचं मृदुकाष्ठ कलम बांधायला द्या: दोन महिन्यांचं रोप, पेन्सिलीएवढी जाड काडी, काडीला चार-पाच सेंटीमीटरची पाचर आणि खुंटाला (म्हणजे खालच्या रोपाला) तेवढीच खाच. चुकतं ते दोनच ठिकाणी. साल सालीला निदान एका बाजूनेही भिडत नाही, किंवा प्लॅस्टिकची पट्टी सैल राहून आत पाणी शिरतं आणि जोड कुजतो. (कोयत्याची सवय असलेल्या पोरांचा काप प्राध्यापकांपेक्षा सरळ येतो, येऊ द्या.) एखादं मरणारच, म्हणून प्रत्येकाला दोन कलमं शाळेत न्यायला द्या.

फुटवा तीन-चार आठवड्यांत दिसतो. तेव्हा तुम्ही आश्रमशाळेत जा. कलमं बघा आणि मुख्याध्यापकांसोबत जनरल रजिस्टर, म्हणजे प्रत्येक मुलाचं नाव-जात नोंदवलेली शाळेची वही, उघडून बसा. माझ्या मते शिबिराइतकंच महत्त्वाचं काम हे आहे. एका भावाच्या नावापुढे ‘कातकरी’, दुसऱ्याच्या ‘काथोडी’, तिसऱ्याच्या नुसतंच ‘हिंदू’. ठाकरांच्या बाबतीत ‘ठाकर’ की ‘ठाकूर’ हा घोळ. राखीव जागेवर प्रवेश घेताना जात पडताळणीत नेमकं हेच आडवं येतं.

जातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या रहिवासाचा पुरावा मागतात. सातबारा नाही, आजोबा शाळेची पायरी चढलेले नाहीत, अशी घरं पुष्कळ. अशा वेळी वडील, चुलता, आत्या यांपैकी कुणाकडे जात वैधता प्रमाणपत्र आहे का ते शोधा. त्याच्याइतका भक्कम कागद नाही. तेही नसेल तर प्रांत कार्यालयाकडे गृहचौकशीची, म्हणजे घरी येऊन करायच्या चौकशीची, विनंती करा. रजिस्टरमधली दुरुस्ती मूल शाळेत असतानाच सोपी असते, शाळा सोडल्यावर फार जड जाते. तेव्हा दुरुस्तीचा अर्ज दहावीच्या परीक्षेआधीच टाका.