पोलीस पतीला थेट विचारावे का?

प्रश्न : माझे पती पोलीस हवालदार आहेत. गणपतीपासून निवडणुकीपर्यंत बंदोबस्त सुरूच राहिला, साप्ताहिक सुट्ट्या रद्द होत गेल्या आणि त्यातच अपघातात दगावलेल्या एका लहान मुलाचा पंचनामा त्यांना करावा लागला. तेव्हापासून त्यांना झोप नाही, ते मुलांवर खेकसतात, दारूही वाढली आहे. परवा म्हणाले, "मी नसलो तरी तुमचं भागेल." सध्या त्यांना सशस्त्र गार्ड ड्यूटी आहे. डॉक्टरांचे नाव काढले की "नोकरीत डाग लागेल" म्हणतात. थेट विचारले तर नको तो विचार त्यांच्या डोक्यात शिरेल का?
— एक पोलीसपत्नी

उत्तर : ताई, नाही शिरणार. विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात रुजत नाही, उलट कोंडलेले बोलायला वाट मिळते. म्हणून आजच, मुले झोपल्यावर, शांतपणे विचारा : "अहो, जीव द्यावा असं तुमच्या मनात येतं का?" 'बरंवाईट' यासारख्या आडवळणाच्या शब्दाचा आधार घेऊ नका, कारण त्याला "काही नाही" हे उत्तर सहज देता येते. ते "हो" म्हणाले, तर उपदेश करू नका, मुलांची शपथ घालू नका, फक्त ऐका. त्यांना एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे सोबत जा. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून अहोरात्र चालतो, तेथे मराठीतून बोलता येते. धोका समोर दिसत असेल तर ११२ ला फोन करा.

दुसरी गोष्ट तितकीच तातडीची आहे. आत्महत्येची ऊर्मी पुष्कळदा थोड्याच वेळाची असते, आणि त्या वेळात माणूस व शस्त्र यांच्यात अंतर राहिले तर जीव वाचू शकतो. मात्र पोलीस दलात शस्त्र काढून घेतले जाणे हा अपमान समजला जातो, म्हणून हा विषय त्यांच्या भरवशाच्या एखाद्या बॅचमेटमार्फत वरिष्ठांपर्यंत न्यावा : पाय मोडलेल्या शिपायाला जसे पायी गस्तीवर पाठवत नाहीत, तसे यांना काही आठवडे बिनतारी कक्षाचे किंवा ठाण्यातले बैठे काम मिळावे. बॅचमेट टाळाटाळ करत असेल, तर आपण स्वतः वरिष्ठांना भेटा. त्यात पतीचा विश्वासघात नाही.

डाग लागण्याची त्यांची भीती निराधार आहे, असे मी म्हणणार नाही, कारण ठाण्यातली कुजबुज कायद्याने थांबत नाही. तरीही मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार उपचारांची माहिती गोपनीय राखली जाणे हा रुग्णाचा हक्क आहे. कलम ११५ तर आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरते आणि तिच्यावर उपचार करण्याची जबाबदारी सरकारवर टाकते.

"पोलिसाने कणखर असावे" असे ते म्हणतील. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख राहिलेले, पिळदार शरीरयष्टीसाठी ओळखले जाणारे हिमांशू रॉय कर्करोगाशी झुंजत होते. ११ मे २०१८ रोजी त्यांनी जीवन संपवले, आणि त्यांना कमकुवत म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

आपल्या पतीच्या स्वभावात खोट शोधू नका. अनेक महिने झोप मोडलेली, सण घराबाहेर गेलेले आणि त्यावर लहान मुलाचा मृतदेह, हे कोणाच्याही मनाला जड जाईल. मुंबईत २०१६ मध्ये आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्या काळात देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग सुरू झाला. त्याची कल्पना एका शिपायानेच मांडली होती. जो त्रास रचनेतून येतो तो एकट्या हवालदाराने धीराने सोसावा, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

डॉक्टरांना दारूचे प्रमाण आणि झोपेचे तास खरे सांगा, कारण औषधे त्यावर ठरतात. आणि १४४१६ हा क्रमांक आपल्यासाठीही आहे. त्यांची ड्यूटी असेल तेव्हा आपणही फोन लावा.