बाईक घरी धुताय? आधी हे वाचा
अरे भावा, गाडी फिरवून आणली की लगेच पाणी मारू नकोस, आधी इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण थंड होऊ दे. उन्हात तर धुवूच नको, शॅम्पू वाळून डाग पडतात. आधी नुसत्या पाण्याने माती भिजवून सोडव, कोरड्या फडक्याने पुसलंस की बारीक ओरखडे आलेच, माझी टाकी अशीच खराब झाली 😅. भांड्यांचा साबण नको, रंगावरचा वॅक्सचा थर निघून जातो. प्रेशरचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर, चेनवर आणि वायरिंगवर जवळून मारू नको. चेन शेवटी, पुसून कोरडी करून मग ल्यूब (चेनचं वंगण) लाव, पण ब्रेकच्या डिस्कवर थेंबही उडता कामा नये, ब्रेक नीट लागणार नाही. निघताना हळू चालवत 2-3 वेळा ब्रेक दाबून बघ.