रत्नागिरीत राहून चित्रांचं काम करणार असशील तर

खोली ठरवण्याआधी नेट तपास, आणि तेही संध्याकाळी, ज्या जागी बसणार तिथेच. चिऱ्याच्या जाड भिंतींमुळे ओटीवर पूर्ण रेंज आणि माजघरात काहीच नाही, हे इथे सर्रास होतं. म्हणून टेबल सरळ पडवीत मांड. माझ्या मते चित्रांसाठी याहून चांगली जागा नाही: उजेड मऊ, वारा खेळता, आणि माणसांची जाग असते, त्यामुळे एकटं वाटत नाही. मात्र खारा वारा लॅपटॉपला वाईट. काम संपलं की तो आत ने. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव.

जून ते सप्टेंबर वीज जाणार हे धरूनच चाल. राउटरपुरता छोटा यूपीएस आणि दुसऱ्या कंपनीचं सिम हवंच.

घरात मन लागेना की जिल्हा नगर वाचनालयात जा. १८२८ सालची संस्था आहे ती! तिथे फक्त वही ने, कॉल घेऊ नकोस. संध्याकाळी थिबा पॉइंट, समोर भाट्याची खाडी.

भाडं ठरवताना मे महिना आणि गणपतीचं आधीच बोलून घे. तेव्हा चाकरमानी घरी येतात, मालकाला खोली लागते.