दहावीनंतर पदविका की बारावी करून थेट दुसरे वर्ष? खारघरच्या एका पालकांच्या प्रश्नाला उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीला दहावीत ७१ टक्के आहेत आणि त्यात गणितात ५४. शाळा सानपाड्याची आहे, पण गेल्या वर्षापासून कुटुंब खारघरला राहते. ओबीसी प्रवर्गाचा जातीचा दाखला हातात आहे, नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र अजून काढायचे आहे. अभियांत्रिकी पदविकेसाठी प्रवेश परीक्षा असते का, ठाण्यात प्रवेश मिळेल की घराजवळच पाहावे, गणित कच्चे असल्यामुळे अकरावी-बारावी करून पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणे बरे का, आणि शाखा कोणती घ्यावी, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी ठाण्यातल्या एका तंत्रनिकेतनात पहिल्या वर्षाला गणित शिकवते आणि प्रवेशाच्या दिवसांत सुविधा केंद्राच्या टेबलावर कागदपत्रेही तपासते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

प्रवेश परीक्षा नसते. दहावीनंतरच्या तीन वर्षांच्या पदविकेसाठी तंत्रशिक्षण संचालनालय केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया राबवते आणि गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवर लागते. किमान अट दहावी उत्तीर्ण आणि ३५ टक्के गुणांची आहे. आपली मुलगी ती अट सहज पूर्ण करते, पण पात्र असणे आणि हवी ती जागा मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ३५ टक्क्यांची अट वाचून निर्धास्त झालेले पालक जागावाटपाच्या पहिल्या फेरीनंतर फार निराश होतात, म्हणून हे आधीच सांगते.

आता आपल्या प्रश्नातल्या त्या मुद्द्याकडे येते, जो आपण ओझरता लिहिला आहे आणि जो माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे: शाळा सानपाड्याची आणि घर खारघरला. पदविकेच्या जागांचा मोठा वाटा त्या-त्या जिल्ह्यातल्या उमेदवारांसाठी असतो आणि उरलेला वाटा जिल्ह्याबाहेरच्यांसाठी. उमेदवाराचा जिल्हा ठरवताना त्याने दहावी जिथून केली ती शाळा कोणत्या जिल्ह्यात आहे हे पाहतात, आज तो कुठे राहतो हे पाहत नाहीत. नवी मुंबई म्हणून आपण जिला एक शहर मानतो ती प्रत्यक्षात दोन जिल्ह्यांत पसरलेली आहे. ऐरोलीपासून वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, तर खारघर, कामोठे, कळंबोली आणि पनवेल हा भाग रायगड जिल्ह्यात येतो. म्हणजे आपली मुलगी प्रवेशाच्या हिशेबात ठाणे जिल्ह्याची उमेदवार आहे. घराजवळचे पनवेल पट्ट्यातले तंत्रनिकेतन तिच्यासाठी बाहेरच्या जिल्ह्यातले ठरते आणि लोकलने पाऊण-एक तासावर असलेले ठाणे हा तिचा स्वतःचा जिल्हा ठरतो. घराजवळ म्हणून पसंतीक्रमाच्या यादीत पनवेलचे पर्याय वर टाकायला माझी हरकत नाही, पण तिथे जागा सहज मिळेल हे गृहीत धरू नका. वाशी, नेरूळ आणि बेलापूर इथल्या संस्था मात्र तिच्या जिल्ह्यातल्याच आहेत आणि खारघरहून जवळही आहेत, तेव्हा प्रवासाचा विचार करता मी आधी त्या पाहीन.

हे समजून घेण्यासाठी मागच्या वर्षीची कट-ऑफ यादी, म्हणजे कोणत्या जागेवर शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला याची यादी, उघडा. ती सर्वांसाठी उपलब्ध असते, पण तिचे रकाने पाहून बहुतेक पालक गोंधळतात आणि शेवटी शेजाऱ्यांनी सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवतात. रकान्यावर ‘एल-ओबीसी-एच’ असे लिहिलेले दिसले तर त्यातला एल मुलींच्या राखीव जागांसाठी असतो, मधला भाग प्रवर्गाचा आणि शेवटचा एच स्वतःच्या जिल्ह्याचा. त्याच ओळीत शेवटी ओ असेल तर ती जिल्ह्याबाहेरच्यांची जागा असते, आणि सुरुवातीला जी असेल तर ती मुलग्यांसह सर्वांसाठी खुली असलेली सर्वसाधारण जागा. आपल्या मुलीसाठी ठाणे जिल्ह्यातल्या संस्थांचा एच रकाना आणि पनवेलच्या संस्थांचा ओ रकाना वाचायचा आहे. तोही फक्त पहिल्या फेरीचा नव्हे, शेवटच्या फेरीपर्यंतचा वाचा, म्हणजे एखादी शाखा फेरीगणिक किती खाली येते याचा अंदाज येतो.

कागदपत्रांत दिशा उलट होते आणि इथे पालकांची खूप धावपळ होते. उमेदवारीचा जिल्हा शाळेवरून ठरत असला तरी महसूल खात्याचे दाखले सध्याच्या निवासावरून मिळतात. म्हणून आपल्याला ठाण्याच्या नव्हे, पनवेलच्या तहसील आणि प्रांत कार्यालयाशी काम आहे. अर्ज आपले सरकार संकेतस्थळावरून किंवा सेतू केंद्रातून करता येतो. नॉन-क्रीमीलेअर आत्ताच टाका. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे जुने प्रमाणपत्र घरात असेल तर त्यावर कोणत्या वर्षाची ३१ मार्च लिहिली आहे ते नीट पाहा. अर्जाच्या वेळी पावती चालली तरी प्रक्रियेत ठरवून दिलेल्या तारखेपर्यंत मूळ प्रमाणपत्र आले नाही, तर उमेदवार खुल्या प्रवर्गात गणला जातो आणि पुढच्या फेऱ्यांत त्याचा फटका बसतो. चांगल्या गुणांच्या मुली केवळ या एका कागदापायी हातातली जागा गमावतात आणि टेबलाच्या या बाजूला बसून ते पाहणे फार जड जाते.

अधिवास प्रमाणपत्राबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळ महाराष्ट्रातले असेल आणि दहावीही महाराष्ट्रातूनच झाली असेल, तर ते वेगळे लागत नाही. जन्म आजोळी झाला असेल आणि आजोळ हुबळी किंवा सुरतेकडचे असेल, तर मात्र तहसील कार्यालयातून ते काढावे लागते. दाखला हातात घेऊन तो रकाना आजच वाचा. तिथे गावाचे नाव आहे पण तालुका-जिल्हा रिकामा आहे असेही दिसते, आणि ती दुरुस्ती शाळेतूनच करून घ्यावी लागते.

शुल्काचे दोनच मुद्दे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर शिक्षण शुल्क माफीच्या योजनेत प्रत्येक शाखेत मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा असतात. पर्याय भरताना त्यांचे संकेतांक वेगळे असतात आणि शेवटी टी हे अक्षर असते, त्यामुळे ते वेगळे भरावे लागतात. या जागांची चुरस मोठी असते, तरी मागणीच्या शाखा सोडून इतर शाखांत ७१ टक्क्यांवर प्रयत्न करणे वाया जात नाही. प्रवर्गातून मिळणारी शुल्क सवलत महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर प्रवेशानंतर वेगळी भरायची असते, ती आपोआप लागू होत नाही.

आता गणित. गणित कच्चे आहे म्हणून अकरावी-बारावी करून थेट दुसऱ्या वर्षाला जावे, हा विचार मी अनेक पालकांकडून ऐकते आणि मला तो पटत नाही. बारावी विज्ञान उत्तीर्ण झालेल्यांना, तसेच दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांना, पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळतो हे खरे आहे. पण ज्या मुलीला गणित जड जाते तिला बारावी विज्ञानाच्या गणितातून नेणे म्हणजे तिची अडचण दोन वर्षे पुढे ढकलून आणखी मोठी करणे आहे. शिवाय पहिल्या वर्षात जे हाताने शिकायचे असते ते तिच्याकडून सुटते. ड्रॉइंगच्या तासाला मिनी ड्राफ्टर लावून एखाद्या वस्तूचे समोरचे, वरचे आणि बाजूचे दृश्य एकमेकांशी जुळवत काढायचे असते. वर्कशॉपमध्ये लोखंडी पट्टी कानसने घासून ती काटकोनात आली की नाही हे गुण्याने उजेडासमोर धरून पाहायचे असते. थेट दुसऱ्या वर्षाला आलेली यंत्र किंवा स्थापत्य शाखेची मुले वर्गात हुशार असली तरी आराखडा वाचताना अडखळतात. ती हळूहळू सावरतात, पण पहिले सत्र त्यांना फार महागात जाते.

वर्षांचा हिशेबही पाहा. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, अशी दहावीनंतर एकूण सहा वर्षे लागतात. बारावीनंतर चार वर्षांची पदवी घेतली तरी सहाच. बारावी, मग पदविकेची दोन वर्षे, मग पदवीची तीन, असे केले तर सात होतात. पदविकेनंतर पदवीला जायला सीईटी लागत नाही. पदविकेत खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के गुणांची किमान अट असते आणि गुणवत्ता पदविकेच्या गुणांवर ठरते. अपवाद एकच मानते. मुलीला अजून अभियांत्रिकीत जायचे की नाही हेच ठरवता येत नसेल, जीवशास्त्राकडेही ओढ असेल, तर अकरावी विज्ञान घेऊन दोन वर्षे विचाराला देणे योग्य आहे. पण तो निर्णय आवडीचा असावा, गणिताच्या भीतीचा नसावा.

पहिल्या सत्रातले बेसिक मॅथेमॅटिक्स आणि दुसऱ्या सत्रातले ॲप्लाइड मॅथेमॅटिक्स टाळता येत नाहीत, संगणक शाखा घेतली तरीही. पहिल्यात लॉगरिदम, मॅट्रिक्स, त्रिकोणमिती, सरळ रेषा, डेरिव्हेटिव्ह आणि थोडी सांख्यिकी असते, दुसऱ्यात मुख्यतः इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन. लेखी परीक्षा ७० गुणांची आणि चाचण्यांचे ३० गुण, उत्तीर्ण व्हायला ४० लागतात. माझ्या वर्गात ज्यांना केटी लागते, म्हणजे विषय राहतो, त्यांतली बहुतेक मुले नव्या संकल्पनेवर अडत नाहीत, ती आठवी-नववीच्या बीजगणितावर अडतात. पार्शल फ्रॅक्शनचे गणित मी फळ्यावर मांडते, पद्धत सर्वांना समजते, आणि पहिल्याच पायरीला क्ष वर्ग वजा पाच क्ष अधिक सहा याचे अवयव पाडताना अर्धा वर्ग थांबतो. म्हणून ५४ हा आकडा मला घाबरवत नाही. निकालापासून वर्ग सुरू होईपर्यंतच्या काळात तिने दहावीच्या दोन्ही भागांची पुस्तके बाजूला ठेवून अवयव पाडणे, अपूर्णांक, घातांकाचे नियम आणि त्रिकोणमितीची मूलभूत सूत्रे रोज तासभर केली, तर ती पहिल्या सत्रात निभावून नेईल. क्लास लावायची घाई करू नका. आमच्याकडे शंका विचारायला येणाऱ्या मुलांना शिक्षक परत पाठवत नाहीत, आणि गणिताच्या ट्युटोरियलचे तास नेमके यासाठीच असतात. मुलगी मराठी माध्यमाची असेल तर वरच्या संज्ञा इंग्रजीतून आधीच ओळखीच्या करून घ्या. पहिल्या महिन्यात गणितापेक्षा त्या शब्दांचाच अडथळा मोठा असतो.

शाखेबाबत माझे मत आपल्याला कदाचित आवडणार नाही. संगणक, माहिती तंत्रज्ञान आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या शाखा ठाणे-नवी मुंबईत सर्वांत आधी भरतात, आणि ७१ टक्क्यांवर चांगल्या संस्थेत त्या मिळणे अवघड आहे. मग पालक कुठलीही संस्था चालेल पण संगणकच हवे असे ठरवतात. मी उलट सांगेन. सुसज्ज प्रयोगशाळा आणि टिकून राहिलेले शिक्षक असलेली संस्था निवडा आणि तिथे विद्युत, इन्स्ट्रुमेंटेशन, केमिकल किंवा यंत्र शाखेचा विचार करा. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत ज्या जागी पूर्वी रासायनिक कारखाने होते तिथे ऐरोली, रबाळे, महापे या भागांत आता डेटा सेंटर उभी राहिली आहेत. त्यांना संगणकाच्या माणसांइतकीच वीजपुरवठा, जनरेटर आणि शीतकरण अहोरात्र सांभाळणारी माणसे लागतात. केमिकल घेतलेल्यांसाठी तळोजा औद्योगिक वसाहत आपल्या घरापासून जवळच आहे. मुलींना कारखान्यात घेत नाहीत ही समजूत अजूनही ऐकू येते, पण इन्स्ट्रुमेंटेशन आणि गुणवत्ता तपासणीच्या विभागांत आमच्या विद्यार्थिनी व्यवस्थित रुजू झाल्या आहेत. संगणकाचीच मनापासून आवड असेल, ती घरी स्वतःहून काही प्रोग्राम लिहून पाहत असेल, तर ते पर्याय जरूर वर ठेवा. फक्त ती आवड तिची आहे की आपली, हे तिच्याशी बसून विचारा.

पर्याय भरताना एक पथ्य पाळा. पहिल्या क्रमांकावर टाकलेला पर्याय मिळाला की ती जागा ऑटो फ्रीझ, म्हणजे आपोआप पक्की, होते आणि पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. त्यामुळे मिळण्याची खात्री आहे म्हणून एखादे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकू नका, खरोखर सर्वांत हवे असलेलेच तिथे ठेवा. खाली पर्यायांची संख्या वाढवायला कंजूषी करू नका, पण जिथे प्रत्यक्ष जायचे नाही असे एकही नाव यादीत नको. आपल्या मुलीसाठी मी आधी वाशी-नेरूळ-बेलापूरमधल्या आणि ठाण्यातल्या चांगल्या संस्थांच्या तिच्या आवडीच्या शाखा टाकीन, त्यानंतर त्याच संस्थांच्या दुसऱ्या पसंतीच्या शाखा, आणि मग पनवेल पट्ट्यातल्या संस्था. अर्ज निश्चित करण्यापूर्वी त्यांपैकी दोन-तीन संस्थांमध्ये मुलीला घेऊन जा, वर्कशॉप आणि प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांगा, आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींशी तिला एकटीला बोलू द्या.