शिक्षिका शिकवतच नाहीत, असे वाटते तेव्हा

परदेशात राहणाऱ्या एका वाचक मातेचे पत्र असे आहे : मुलीच्या शाळेने पालकांना गणिताच्या एका तासाला वर्गात बसू दिले. संपूर्ण तासात शिक्षिकेने फळ्यावर एकच उदाहरण लिहिले, मुले गटागटाने बोलत राहिली आणि आमची सहावीतली मुलगी एक शब्दही बोलली नाही. येथे शिकवतच नाहीत, अशी माझी खात्री झाली आहे. मी मुख्याध्यापकांकडे तक्रार करावी का?

आपण जरूर बोलावे, परंतु आधी शिक्षिकेशी बोलावे, आणि त्याहीपूर्वी आपण नेमके काय पाहिले याची स्वतःशी एकदा तपासणी करावी. शिक्षकाने रीत समजावून द्यायची, फळ्यावर एक उदाहरण सोडवून दाखवायचे आणि मग मुलांनी तशीच दहा उदाहरणे वहीत सोडवायची, हे आपल्यापैकी बहुतेकांच्या मनातले ‘शिकवणे’ आहे. ही रीत वाईट नाही. आपण स्वतः तिच्यातूनच शिकलो आहोत. मात्र ती अनेक रीतींपैकी एक आहे. १९९५ साली ‘टिम्स’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या निमित्ताने जर्मनी, जपान आणि अमेरिका येथील आठवीच्या गणिताच्या २३१ तासांचे चित्रीकरण झाले. अमेरिकी तासांत ‘आधी रीत, मग सराव’ हा क्रम सर्रास दिसला. याउलट जपानी शिक्षक पुष्कळदा न शिकवलेले उदाहरण आधी देत, मुलांना त्याच्याशी झगडू देत आणि नंतर मुलांनी काढलेल्या निरनिराळ्या रीती फळ्यावर मांडून त्यांवर चर्चा घडवून आणत. आशियाई वर्ग म्हणजे घोकंपट्टी आणि पाश्चात्त्य वर्ग म्हणजे मोकळीक, हे आपले ठरलेले समीकरण या चित्रफितींपुढे टिकत नाही. आपण पाहिलेल्या तासातील ते एकमेव उदाहरणही कदाचित असेच झगडण्यासाठी दिलेले असेल.

बी.एड. केलेल्यांना ‘पाठ निरीक्षण’ हा शब्द परिचित असेल; त्यात बहुधा शिक्षकाचेच निरीक्षण होते. जपानमध्ये शिक्षक एकमेकांच्या तासांना बसतात, त्या पद्धतीला ‘जुग्यो केन्क्यू’ म्हणतात. तेथे पाहणाऱ्याचे लक्ष मुलांवर असते : कोण कुठे अडले, कोणी काय खोडले, शेजाऱ्याचे ऐकून कोणी आपले उत्तर बदलले. निरीक्षकाने मुलांना मदत करायची नाही, हाही तेथील संकेत आहे, आणि पालकांना तो सर्वांत जड जाईल. पुन्हा संधी मिळाल्यास वहीच्या पानाचे दोन भाग करावेत. डावीकडे फक्त जे घडले ते आणि उजवीकडे आपल्याला जे वाटले ते लिहावे. ‘मुलगी चार मिनिटे कागदावर काहीतरी काढत होती’ हे डावीकडे जाईल. ‘तिचे लक्ष नव्हते’ हे उजवीकडे.

आता तिच्या गप्प राहण्याविषयी, कारण पत्रातील खरी काळजी मला तीच वाटते. मोठे बोलत असताना मध्ये बोलू नये आणि उत्तर पक्के ठाऊक असल्याशिवाय हात वर करू नये, हे आपण घरी शिकवतो, आणि त्यात आपल्याला काही गैरही वाटत नाही. परंतु अर्धवट सुचलेला विचार मोठ्याने मांडणे यालाच जेथे सहभाग मानतात, तेथे हीच मर्यादा ‘मुलीला समजलेले नाही’ किंवा ‘तिला रस नाही’ अशी वाचली जाते. त्यात भाषा नवी असेल, तर वाक्य मनात जुळेपर्यंत दुसऱ्याने उत्तर दिलेले असते. प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असे अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांना आढळले होते. हा अवकाश तीन सेकंदांपर्यंत वाढवला की उत्तरे लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागतात, हेही त्यांनी दाखवले.

म्हणून शिक्षिकेला भेटताना हे घरचे वळण त्यांना मोकळेपणाने सांगावे. त्यांना ते ठाऊक असण्याचे काही कारण नाही. आजच्या तासात मुलांनी काय शोधावे अशी आपली अपेक्षा होती, हे विचारावे. मुलगी जोडीत बोलते का, लिहून अधिक चांगले मांडते का, आणि तिला उत्तरासाठी थोडा अधिक वेळ देता येईल का, हेही विचारावे.

परदेशातले आहे म्हणून सगळेच निमूट मान्य करावे, असे मात्र मी म्हणणार नाही. गटचर्चा म्हणजे नुसता गलका, असेही तास असतात. तासाच्या शेवटी शिक्षिकेने मुलांच्या रीती एकत्र आणल्या का, कोणती रीत का चालते आणि कोणती का अडते हे वर्गासमोर आले का, हे पाहावे. तसे काहीच न होता तास संपला असेल आणि पुढच्या दोन-तीन तासांनाही हेच चित्र असेल, तर आपली तक्रार रास्त आहे आणि मुख्याध्यापकांपर्यंत ती जरूर न्यावी. तोपर्यंत जेवताना मुलीसमोर शिक्षिकेविषयी शेरे टाळावेत आणि गटात कोण काय म्हणाले, एवढेच तिला विचारावे. मराठीत सांगताना ती त्या उदाहरणाबद्दल किती बोलते, ते आपल्याला तेथेच कळेल.